पाठचं भावंड येताना मोठ्याची तयारी: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सव्वातीन वर्षांचा. आईला सातवा महिना, तारीख दिवाळीच्या आसपासची. पहिलं बाळंतपण सिझेरियनचं, याही वेळी तसंच होण्याची शक्यता. मुलगा आईच्या कुशीत, तिच्या कानाची पाळी धरूनच झोपतो. वडिलांची शिफ्टची नोकरी. सासूबाई गावाहून सव्वा महिन्यासाठी येणार आहेत आणि माहेरचे म्हणतात, तेवढे दिवस त्याला आजोळी पाठवून द्या. गेल्या काही दिवसांपासून तो रात्री पुन्हा अंथरूण ओलं करू लागलाय. त्याला बाळाबद्दल कसं समजवायचं, कुठली पुस्तकं आणायची आणि आजोळी पाठवायचं का, असं आईने विचारलं आहे.

पुस्तकं आणा, वाचा, त्यात नुकसान काहीच नाही. पण सव्वातीन वर्षांचं मूल शब्दांनी तयार होत नाही. बाळ येणार म्हणजे नेमकं काय, हे त्याला बाळ आल्यावरच कळणार आहे. माझ्याकडे पहिल्या लसीकरणाला नवं बाळ येतं तेव्हा बहुतेक वेळा मोठं भावंडही बरोबर असतं. इतकी वर्षं त्या मोठ्याकडे बघून माझं एक मत पक्कं झालंय. त्याला बाळ नकोसं झालेलं नसतं. बाळाकडे तो कुतूहलाने बघत असतो, त्याची बोटं मोजत असतो. त्याची तक्रार वेगळीच असते: आंघोळ दुसरंच कोणीतरी घालतं, वरणभात दुसऱ्याच हातचा, आई उचलून घेत नाही आणि रात्री तिच्या शेजारची जागा गेली. हे सगळं एकाच आठवड्यात होतं. म्हणून तयारी करायची ती या बदलांची, आणि ती मुलापेक्षा घरातल्या मोठ्या माणसांनी करायची असते.

आज तुमच्या घरी त्याच्या कोणत्या गोष्टी फक्त तुम्हीच करता, ते आठवून बघा. उठवणं, शी धुणं, आंघोळ, भरवणं, बालवाडीत सोडणं, झोपवणं. यातली प्रत्येक गोष्ट बाळ येण्याआधी आणखी एका माणसाच्या हाताला लागली पाहिजे. आणि ती आत्तापासून, कारण आत्ता तुम्ही शेजारी उभ्या आहात. आज वडिलांच्या हातून आंघोळ करताना तो रडला तर तुम्ही दारात दिसता. बाळंतपणानंतर तोच बदल झाला, तर त्याच्या हिशेबात आई गेली आणि तिच्या जागी बाबा आला.

सगळ्यात जास्त वेळ झोपेला लागेल, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. वडिलांची रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात तिघं एकत्र झोपा, मुलगा मध्ये. पहिले काही दिवस गोष्ट वडिलांनी सांगायची, कान मात्र तुमचाच. मग गोष्ट सुरू असताना तुम्ही पाणी प्यायला म्हणून उठायचं आणि सांगितलेल्या वेळी परत यायचं. हळूहळू ते उठणं लांबवत न्यायचं. बाबाचा कान त्याला चालणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. या बाबतीत मुलं फार चोखंदळ असतात. तुमच्या वापरातल्या मऊ सुती साडीची गोधडी किंवा नुसती घडी उशाशी दिलीत तर पुष्कळदा काम भागतं. रात्रपाळीच्या आठवड्यांत गाडी मागे येईल, येऊ द्या. त्याला वेगळ्या गादीवर किंवा खोलीत हलवायचं असेल तर ते आत्ताच उरका. जमणार नसेल तर बाळ दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत विषयच काढू नका. बालवाडी बदलणं, दुधाची बाटली सोडवणं यालाही हाच नियम.

सिझेरियन झालं तर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं. सव्वातीन वर्षांचा मुलगा तेरा-चौदा किलोचा असतो. म्हणजे त्याला कडेवर घेणं बंद होणार, आणि नेमकं त्याच दिवसांत त्याला कडेवर यायचं असणार. यावर उपाय म्हणजे खाली बसणं. आतापासूनच सवय लावा: ‘ये’ म्हणायचं, आपण पलंगावर किंवा खुर्चीत बसायचं आणि त्याने स्वतः मांडीवर चढायचं. पोटाला पाय लागू नये म्हणून शेजारी उशी ठेवायची. हॉस्पिटलातून आल्यावर हाच प्रकार तसाच चालू राहतो आणि ‘आई मला घेत नाही’ ही तक्रार बरीच बोथट होते.

आता सांगण्याबद्दल. सातव्या महिन्यात पोट दिसतंय, घरात कुजबूज आहे, डोहाळजेवणाची बोलणी चालली असतील. त्याला काही कळत नाही असं समजू नका. अंथरूण ओलं होतंय ते यातूनही असू शकेल. तसंही या वयात रात्री कोरडं राहणं पक्कं झालेलं नसतं आणि पाच वर्षांपर्यंत आम्ही त्याला आजार म्हणत नाही. रात्री गादीखाली रबरी शीट घाला, सकाळी काही न बोलता चादर बदला. ‘आता बाळ तुला हसेल’ असं मात्र कोणी म्हणू नये. दिवसाही कपडे ओले होऊ लागले, लघवी करताना तो रडू लागला किंवा फार पाणी पिऊ लागला, तर लघवी तपासून घ्या.

सांगताना महिने सांगू नका, त्याच्या कॅलेंडरमध्ये महिने नाहीत. ‘गणपती येतील, जातील, मग आपण दसऱ्याचं सोनं वाटू, मग आकाशकंदील लावू, त्या सुमाराला बाळ येईल’ हे त्याला समजतं. ‘त्या सुमाराला’ एवढं ढिलं ठेवा. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच, आणि ठरवलेलं सिझेरियनसुद्धा कळा आधी आल्या तर आधी होतं.

‘तुला खेळायला भाऊ आणणार’ असं सांगू नका. यात दोन चुका आहेत. बाळ खेळत नाही. दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं, उरलेल्या वेळात दूध पितं आणि रडतं. हे सरळ सांगावं. दुसरं म्हणजे भाऊ की बहीण हे आपल्याला माहीत नाही. गर्भलिंग तपासणीवर आपल्याकडे 1994च्या कायद्याने बंदी आहे आणि ते योग्यच आहे. मग काही घरांमध्ये ती कसर लहान मुलाकडून भरून काढतात. चार बायका जमल्या की त्याला मध्ये घेऊन विचारायचं, ‘सांग रे, आईच्या पोटात काय आहे?’ म्हणे लहान मुलाच्या तोंडून खरं निघतं. तो बिचारा ज्या उत्तराला टाळ्या पडतात ते उत्तर देतो, आणि पुढे मुलगी झाली की घरातल्यांच्या चेहऱ्यांवरून त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. हा खेळ तुमच्या घरी होऊ देऊ नका. सासूबाईंना स्पष्ट सांगणं जड वाटत असेल तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.

‘बाळ कुठून येणार?’ या प्रश्नाला ‘हॉस्पिटलातून आणणार’ हे उत्तर टाळा. आणलेली वस्तू परत करता येते आणि दहाव्या दिवशी तो तसं सुचवतोही. ‘आईच्या पोटात बाळासाठी एक पिशवी असते, तिथे ते वाढतं, मोठं झालं की डॉक्टर बाहेर यायला मदत करतात’ एवढं पुरे. हॉस्पिटल म्हणजे सुई आणि ताप एवढंच त्याला ठाऊक असतं. तुम्ही आजारी नाही, बाळासाठी चालला आहात, हे त्याला आधी कळू द्या. शेवटच्या महिन्यात एकदा तपासणीला बरोबर न्या, इमारत आणि जिना तरी बघू दे. आणि त्याच्या स्वतःच्या जन्माच्या गोष्टी भरपूर सांगा: बारशाचे फोटो, त्याची कुंची, तो कसा रडायचा, आजीने त्याला पहिल्यांदा कसं घेतलं. बाळाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा ही गोष्ट त्याला जास्त आवडेल, कारण तिचा नायक तोच आहे.

आजोळी पाठवण्याबद्दल माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, निदान सव्वा महिन्यासाठी तरी नाही. आजी-आजोबांच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्याच्या बाजूने बघा. त्याला घराबाहेर ठेवलं आणि परत आला तेव्हा त्याच्या जागी दुसरं कोणीतरी निजलेलं. तुम्हाला हॉस्पिटलात तीन-चार दिवस, सिझेरियनला कदाचित पाच, लागतील. तेवढ्यासाठी आजोळच्या आजीनेच तुमच्या घरी यावं. त्याचं अंथरूण, त्याची बालवाडी, संध्याकाळी खाली खेळायला जाणं, हे जसंच्या तसं चालू राहिलं पाहिजे. आईची उणीव त्याला भासेलच. घर, शाळा, ताट, गादी हे सगळं एकदम हरवायला नको.

हॉस्पिटलला निघताना आपल्याकडे मूल झोपलेलं असेल तर गुपचूप निघायची पद्धत आहे. ‘उगाच रडेल.’ रडेलच. पण सकाळी उठून आई नाही असं एकदा झालं, की पुढे महिनाभर तो तुम्हाला बाथरूमलाही एकटीला जाऊ देणार नाही. रात्री दोनला निघायचं झालं तरी त्याला हलवून उठवा, ‘मी बाळासाठी जातेय, आजी आहे, उद्या बाबा तुला घेऊन येईल’ एवढं सांगा आणि निघा. हॉस्पिटलात लहान मुलांना आत सोडतात का, कोणत्या वेळी, हे आधीच विचारून ठेवा. काही ठिकाणी सोडत नाहीत. मग ‘बाबा घेऊन येईल’ हे वचन देऊ नका, रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा, तोही छोटा. काही मुलं आई पडद्यावर दिसली की जास्तच रडतात. तसं झालं तर नुसता आवाज ऐकवा.

पहिली भेट कशी व्हावी यावर हल्ली फार लिहिलं जातं: बाळ पाळण्यात हवं, आईचे हात मोकळे हवेत, बाळाने दादासाठी भेट आणलेली हवी. हात मोकळे असावेत हे मलाही पटतं, पहिली मिठी त्याला द्या. भेटवस्तूचं माझं फारसं मत नाही. एका चिमुरडीने मला विचारलं होतं, ‘बाळाच्या पिशवीत दुकान होतं का?’ आणि भेट थोडी बिघडली म्हणून पुढचं काही बिघडत नाही. तो बाळाकडे ढुंकूनही न बघता पलंगाचं हँडल फिरवत बसला, तरी काळजी करू नका.

घरी आल्यावर खरी परीक्षा बाळंतिणीच्या खोलीची. दार लोटलेलं, आत ऊब, आणि हा आत डोकावला की तिघांचे आवाज: ‘बाहेर हो, थंडी लागेल’, ‘हात धुतलेस का’, ‘बाळ झोपलंय’. त्या खोलीचा उंबरा त्याला मोकळा ठेवा. बाहेरून आल्यावर साबणाने हात धुणं, सर्दी-खोकला असेल तर बाळाच्या तोंडाजवळ तोंड न नेणं, एवढे दोन नियम पुरेत. (त्याचा दीड वर्षाचा ट्रिपलचा, म्हणजे डांग्या खोकल्याविरुद्धच्या लसीचा, बूस्टर झालाय ना, कार्ड काढून बघा. मोठ्याच्या साध्या खोकल्यातून नवजात बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता त्याच दिवशी डॉक्टर.) शेक-शेगडी आणि धुरी मात्र या वेळी नकोच. बंद खोलीतला कोळशाचा धूर बाळाला आणि तुम्हालाही वाईट, आणि सव्वातीन वर्षांचा पळता मुलगा घरात असताना जमिनीवर निखारे म्हणजे भाजण्याला आमंत्रण. सासूबाईंचा आग्रह असेल तर गरम पाण्याच्या पिशवीवर तडजोड करा, टाक्यांपासून लांब.

बाळाला हात लावू द्यायचा का? द्यायचा, पण कुठे ते दाखवून. टाळू दाखवून ‘इथे अजिबात हात लावायचा नाही’ म्हटलं की पुढचे आठ दिवस त्याचं लक्ष टाळूवरच. त्यापेक्षा पाय त्याचे. पाय धरायचे, मोजायचे, मोजे घालायचे. बाळाच्या तळहातात बोट दिलं की ते घट्ट धरतं. ही नवजात बाळाची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पण त्याला सांगा, ‘बघ, तुझं बोट सोडत नाही.’ बाळाला वीतभर अंतरावरचंच नीट दिसतं, म्हणून जवळ जाऊन बोलायला सांगा. तुमच्या पोटात असताना याचा आवाज बाळाने महिनोन्‌महिने ऐकलेला असतो, हेही खरंच आहे, तेही सांगा.

मात्र दोघांना एकटं सोडायचं नाही. फोन घ्यायलासुद्धा नाही. यात मोठ्याच्या दुष्टपणाचा प्रश्न नसतो. तो मायेने बाळाच्या तोंडात शेंगदाणा घालतो, पाळण्याला जोरात झोका देतो, थंडी वाजत असेल म्हणून तोंडावर पांघरूण ओढतो. झोपताना बाळ त्याच्या आणि तुमच्या मध्ये नको; तुमच्याजवळ पण वेगळ्या, कडक गादीवर किंवा पाळण्यात असू द्या.

तो मारेल, चिमटा काढेल, असं गृहीत धरा. हात धरायचा, ‘मारू देणार नाही’ म्हणायचं, बस्स. लांब व्याख्यान नको आणि ‘तू तर शहाणा दादा ना’ हेही नको. त्याला स्वतःला बाटलीने दूध प्यायचं असेल, कुंची घालून बघायची असेल, बोबडं बोलायचं असेल तर हसू न करता करू द्या. काही आठवड्यांत कंटाळतो. ‘दादा’ ही पदवीही लगेच लादू नका. काल ज्याला लाडाच्या नावाने हाक मारत होतो त्याला आज सगळे दादा म्हणू लागले, की नावही गेलंसं वाटतं.

तुमच्या रोजच्या बोलण्यातली एक गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. प्रत्येक नकार बाळाच्या नावावर टाकू नका. ‘बाळामुळे येत नाही’ऐवजी ‘माझे हात गुंतलेत, हे झालं की येते’. आणि अधूनमधून उलटंही होऊ द्या. त्याला ऐकू जाईल असं बाळाला म्हणा, ‘थांब जरा, आधी तुझ्या दादाला पाणी देते.’ बाळाचं काही बिघडत नाही. बाळाबद्दल बोलताना त्याच्याही मताला जागा द्या: ‘का बरं रडत असेल? भूक लागली असेल की ओलं झालं असेल? तुला काय वाटतं?’ इंग्लंडमध्ये केंब्रिजला जूडी डन आणि कॅरोल केंड्रिक यांनी 40 घरांत जाऊन हेच टिपलं होतं. ज्या आया सुरुवातीच्या दिवसांत मोठ्याशी बाळाबद्दल, मन असलेलं, इच्छा असलेलं माणूस म्हणून बोलत होत्या, त्या घरांत वर्षभराने भावंडांचं एकमेकांशी वागणं अधिक स्नेहाचं होतं.

पाहुण्यांचा बंदोबस्त वडिलांकडे द्या. ‘आता तुझे लाड संपले’, ‘आम्ही बाळाला घेऊन जातो हं’, ‘तुला तर बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलं’ या थट्टा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात. मोठ्यांना त्यात गंमत वाटते. तीन वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं. दारातच सांगावं: आधी मोठ्याशी दोन शब्द बोला, मग आत चला. बारशाला त्याला काम द्या. घुगऱ्या वाटू दे, आत्याने नाव सांगितल्यावर त्यालाही बाळाच्या कानात ते सांगू दे. त्या दिवशी तो कोणा एका माणसाच्या ताब्यात असावा, ज्याला दुसरं काहीही काम नाही.

दिवाळी या सगळ्याच्या मधोमध येतेय, आणि ती वडिलांच्या मदतीला धावून आलीय असं समजा. किल्ला दोघांनी मिळून करायचा. माती आणणं, भिजवणं, मावळे मांडणं यात चार-पाच संध्याकाळी सहज जातात, आणि तो वेळ पूर्ण त्याचा असतो. पहिल्या आंघोळीला तुम्ही घरी असाल-नसाल. तेल कोण लावणार हे आधी ठरवून त्याला सांगून ठेवा. फटाके मात्र बाळाच्या खिडकीपासून लांब, दुसऱ्या इमारतीकडे.

तुमचा स्वतःचा वेळ? मालिशवाली बाई बाळाला आंघोळ घालून गेली की बाळ सलग झोपतं. सगळे म्हणतील तेव्हा तुम्ही झोपा, आणि ते बरोबरच आहे. त्यातली फक्त पंधरा मिनिटं आधी त्याला द्या, मोबाइल बाजूला ठेवून, तो म्हणेल तो खेळ. अंगावर पाजायला बसताना एक डबा हाताशी ठेवा: खडू, चित्रं, दोन गाड्या, चार मनुका. तो डबा फक्त पाजतानाच निघाला पाहिजे, नाहीतर दोन दिवसांत त्याची किंमत जाते.

ज्यांच्या घरी मोठी मुलगी सहा-सात वर्षांची आहे त्यांच्यासाठी एक वाक्य. तिचा प्रश्न वेगळा असतो: ती त्रास देत नाही, म्हणून ती बरी आहे असं घर धरून चालतं, आणि पाहता पाहता ती दुपटी घडी करणारी, झोके देणारी छोटी बाई होते. मदत तिने मागितली तर द्यावी. तिच्या खेळाच्या आणि अभ्यासाच्या वेळेतून कापू नये.

घाबरण्यासारखं यात फारसं नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात ब्रेंडा वॉलिंग यांनी 241 कुटुंबांना दुसऱ्या बाळाच्या जन्माआधीपासून वर्षभर भेटी दिल्या. बहुतेक मोठी मुलं फार न बिघडता सावरली होती. बहुतेक म्हणजे सगळी नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनंतरही बाळाला इजा करण्याचे प्रयत्न थांबत नसतील, तो बोलणं कमी करत असेल, वजन घटत असेल, शी दाबून धरून कडक होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि स्वतःकडेही बघा. पहिल्या आठवड्यातलं रडू येणं नेहमीचं आहे; दोन आठवड्यांनंतरही मन उदास राहिलं, झोप मिळत असूनही लागेना, मोठा जवळ आला तरी नकोसा वाटू लागला, तर तुमच्या डॉक्टरांशी बोला किंवा टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

वडिलांच्या रजेबद्दल शेवटी, कारण इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. सगळी रजा पहिल्या आठवड्यात संपवू नका. तेव्हा सासूबाई आहेत, आई आहे, पाहुण्यांचे डबे आहेत. अवघड आठवडा सव्वा महिन्यानंतरचा, सासूबाई गावी परतल्यावरचा. निम्मी रजा तेव्हासाठी राखून ठेवा. दुसरी अवघड वेळ आठव्या-नवव्या महिन्यात येईल, बाळ रांगायला लागून त्याच्या गाड्यांवर झडप घालू लागेल तेव्हा. तोवर शांत झालेला मुलगा अचानक ढकलाढकली करू लागला तर जुनं काही उकरून काढू नका. त्याच्या सामानासाठी बाळाचा हात पोहोचणार नाही अशी एक फळी ठोकून घ्या, आणि त्या फळीवरचं काहीही ‘बाळाला दे ना जरा’ म्हणून मागू नका.